पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड बदलायचे तर ठाण्यात कुठे? कंपनी वर्कशॉप, मल्टिब्रँड गॅरेज आणि घरपोच मेकॅनिक

आधी निकाल, मग कारणं. गाडी साधी हॅचबॅक किंवा छोटी सेडान, मागे ड्रम ब्रेक, वॉरंटी संपलेली, अशी असेल तर वागळे इस्टेट, कोलशेत किंवा तुर्भे एमआयडीसीच्या पट्ट्यातलं चांगलं मल्टिब्रँड गॅरेज. मागेही डिस्क असतील आणि पार्किंग ब्रेक बटणावरचा असेल तर मुकाट्याने कंपनीचं वर्कशॉप. घरपोच येणारा मेकॅनिक नुसते पॅड बदलायला चालतो, डिस्कसाठी नको. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, पॅड म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिला दोन्ही बाजूंनी धरणारे तुकडे.

या कामाचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना एक गोष्ट खटकते. गाडी ताब्यात घेतल्या संध्याकाळी पाच तारे दिलेले असतात. त्या दिवशी कोणतीही नवी डिस्क छानच वाटते. नीट न बसवलेली डिस्क चार-पाच हजार किलोमीटरनंतर बोलायला लागते. तोवर गॅरेजचं बिल हरवलेलं असतं आणि दोष डिस्क बनवणाऱ्या कंपनीवर जातो. म्हणून इथे तारे डिलिव्हरीच्या दिवसावर दिलेले नाहीत. चाक उघडल्यावर तिथे प्रत्यक्ष काय केलं जातं, त्यावर हे तीन पर्याय तपासले आहेत.

पहिली कसोटी खरेदीच्या आधीचीच: डिस्क खरंच बदलायला आली आहे का, हे कोणी मोजतं का? प्रत्येक डिस्कवर, बहुतेक वेळा मधल्या टोपीच्या भागावर किंवा कडेवर, किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नवी डिस्क 22 मिमीची असेल तर किमान 20 मिमी, अशा प्रकारचा. गाडीगणिक आकडा वेगळा, म्हणून डिस्कवर लिहिलेलाच खरा धरायचा. मोजायला मायक्रोमीटर लागतो. साधा व्हर्नियर कडेला राहिलेल्या न झिजलेल्या काठावर टेकतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. काठापासून साधारण 10 मिमी आत, गोलाकार आठ ठिकाणी मोजलं की दोन गोष्टी कळतात: उरलेली जाडी किती आणि ती सगळीकडे सारखी आहे का. आठ मापांमध्ये दोन शतांश मिलिमीटरच्या आसपास फरक निघाला, म्हणजे 0.02 मिमी, तरी ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरायला पुरतो.

गॅरेजात याला सरसकट 'डिस्क बेंड झाली' म्हणतात. रोजच्या शहरी वापरात डिस्क वाकल्याची उदाहरणं फार थोडी. जाडीत आलेला फरक किंवा पॅडच्या मालाचे डिस्कवर चिकटलेले असमान थर, बहुतेक वेळा यांतलंच एक कारण असतं. कडक ब्रेक मारून गाडी सिग्नलला तशीच दाबून धरली की तापलेला पॅड डिस्कवर आपला ठसा सोडतो. घोडबंदर रोडवरून सुसाट येऊन कापूरबावडीच्या रांगेत पाय ब्रेकवर ठेवून बसणाऱ्यांच्या डिस्कवर असे ठसे दिसतात.

पावसाळ्यात उघड्यावर लावलेल्या गाडीच्या डिस्कवर एका रात्रीत नारिंगी गंज येतो. बाळकूम, कोलशेत, वाशी असा खाडीकाठ असेल तर अधिकच. सोसायटीच्या गेटपर्यंत दोन-चार ब्रेक मारले की तो निघून जातो. त्यासाठी डिस्क बदलायची नसते. कोणी त्याच गंजाचा फोटो पाठवून डिस्कचं कोटेशन देत असेल, तर त्या गॅरेजबद्दल तेवढं पुरेसं आहे.

मोजण्यात कंपनी वर्कशॉप कागदावर पुढे आहे. जॉबकार्डावर पॅडची जाडी लिहिलेली मिळते. डिस्कच्या रकान्यात मात्र पुष्कळदा नुसती टिक असते. मायक्रोमीटरचा आकडा लिहून मागा. मागितला की देतात. मल्टिब्रँड गॅरेजांत दोन टोकं सापडतात. काही ठिकाणी भिंतीवर मायक्रोमीटर आणि डायल गेज (डिस्क फिरताना किती डगमगते ते दाखवणारं काट्याचं माप) टांगलेलं असतं, काही ठिकाणी डिस्कच्या काठावर नख फिरवून 'लाइन पडल्यात, गेली' असा निकाल लागतो. नखाला लागणारी कड सगळ्याच वापरलेल्या डिस्कला असते. जाडी पुरेशी असेल, रेषा उथळ असतील, थरथर नसेल, तर नुसते पॅड बदलून भागतं. जाडी थोडी जास्त आणि पृष्ठभाग खराब असेल तर लेथवर हलका कट मारता येतो, पण कट मारल्यानंतरही माप किमान आकड्याच्या वर राहिलं पाहिजे. पातळ डिस्क लवकर तापते, आणि पॅड संपत येईपर्यंत कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन प्रमाणाबाहेर पुढे येतो. छोट्या गाड्यांच्या डिस्क फार महाग नसतात, त्यामुळे लेथचा खर्च आणि धावपळ फारशी परवडत नाही.

आता खरा मुद्दा, हबचा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाचा.

जुनी डिस्क काढली की मागे हबचा सपाट तोंडवळा दिसतो. आपल्या हवेत त्यावर गंजाचा खवल्यांचा थर असतोच. नवी डिस्क त्यावर तशीच चढवली की ती केसभर तिरकी बसते. हबवरचा थोडासा फरक डिस्कच्या बाहेरच्या काठाशी वाढलेला दिसतो, कारण काठ मध्यापासून लांब असतो. बसवलेल्या डिस्कची लचक, म्हणजे फिरताना तिचा काठ आत-बाहेर हलतो ते माप, बऱ्याच गाड्यांत 0.05 मिमीच्या आत लागते, काहींत थोडी जास्त चालते. साधारण कागदाची जाडी 0.1 मिमी असते, म्हणजे अर्ध्या कागदाएवढी चूक इथे पुरेशी. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. मग ब्रेक न दाबताही डिस्कचा तो उंचवटा दर फेऱ्यात पॅडला एकदा घासत जातो, तेवढाच भाग जास्त झिजतो आणि काही हजार किलोमीटरनंतर ठाणे-नाशिक रस्त्यावर 80 च्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात नाचतं. मालक म्हणतो, डिस्क डुप्लिकेट निघाली.

उपाय सोपा, पण कष्टाचा. तारेचा ब्रश किंवा ड्रिलला लावायची खरबरीत चकती घेऊन हबचं तोंड, मधली गोल कड आणि प्रत्येक स्टडभोवतीची (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या खुंट्यांभोवतीची) जागा चकचकीत होईपर्यंत घासायची. स्टडभोवतीची कड सगळे विसरतात आणि गंज नेमका तिथेच साठतो. मग डिस्क चढवून दोन-तीन नट वॉशर घालून सारख्या ताणाने कसायचे आणि डायल गेज लावून डिस्क हाताने एक फेरा फिरवायची. लचक जास्त आली तर डिस्क एका स्टडने पुढे फिरवून पुन्हा बसवायची. पुष्कळदा तेवढ्याने आकडा खाली येतो. तरीही उतरला नाही तर हब किंवा बेअरिंगकडे बघावं लागतं. दोन्ही बाजू धरून या सगळ्याला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. जुनी डिस्क हबला गंजून चिकटली असेल तर हातोड्याने ठोकण्याआधी बघा: बऱ्याच डिस्कवर चाकाच्या भोकांखेरीज दोन छोटी आटे पाडलेली भोकं असतात, बहुधा 8 मिमीच्या बोल्टची. त्यांत दोन बोल्ट सारखे-सारखे कसत गेलं की डिस्क आपोआप सुटते. हातोड्याचे दणके बेअरिंगला बसतात.

या कसोटीवर चांगलं मल्टिब्रँड गॅरेज कंपनी वर्कशॉपला मागे टाकतं. कंपनीत कामाला ठरलेला वेळ असतो, दुपारी चारपर्यंत गाड्यांची रांग निपटायची असते आणि ग्राहक काचेपलीकडे कॉफी पीत बसलेला असतो. हब घासलं की नाही, ते कोण बघणार? गॅरेजात शेजारी उभं राहून 'दादा, हब साफ करून गेज लावून दाखवता का?' असं विचारता येतं. ज्याच्याकडे गेज आहे तो आनंदाने दाखवतो. गेज नसेल तर किमान हब चकचकीत झालेलं डोळ्यांनी बघून घ्यावं.

दुसरी दुखरी जागा कॅलिपरच्या पिनांची. बहुतेक छोट्या गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दाबतो. पिनेवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटला, पाणी आत गेलं की पिन जाम. मग आतला पॅड लोखंडापर्यंत येतो आणि बाहेरचा अर्ध्यावर राहतो. चाकाच्या जाळीतून दिसतो तो बाहेरचा पॅड, म्हणून 'पॅड अजून बक्कळ आहेत' हा निदानाचा प्रकार फसवा. जुने पॅड मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. एकाच पॅडची वरची आणि खालची कड वेगवेगळी झिजली असेल, म्हणजे पॅड पाचरीसारखा झाला असेल, तरी पिन किंवा ब्रॅकेटमध्येच (पॅड ज्या चौकटीत बसतात तिच्यात) घोळ आहे. आतला पूर्ण झिजला आणि पिना मोकळ्या आहेत, तर पिस्टन परत जात नाहीये असं समजा; कॅलिपर किट टाकावं लागेल.

पिना काढून पुसायच्या, गंजाचे खड्डे पडले असतील तर बदलायच्या, आणि सिलिकॉनवर आधारलेलं ब्रेकचंच ग्रीस पातळ थरात लावायचं. इथे जुगाड खपत नाही. साधं पिवळं चेसिस ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पहिल्यापेक्षा जास्त अडकते. दोन पिनांपैकी एकीवर रबरी बाही असेल तर ती कुठल्या भोकातली होती ते लक्षात ठेवून परत तिथेच. पॅड ज्यांच्यात सरकतो त्या स्टीलच्या पट्ट्या नव्या टाकाव्यात. पुष्कळ पॅडसोबत त्या येतात, नसतील तर वेगळ्या मिळतात. पट्टीखाली ब्रॅकेटवर साठलेला गंज खरवडला नाही तर नवा पॅड ठोकून बसवावा लागतो. पॅड हाताने सरकला पाहिजे. ठोकून बसवलेला पॅड परत सुटत नाही, आणि मग चाक तापतं, ॲव्हरेज पडतं, जळका वास येतो.

पिस्टन मागे ढकलण्याआधी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघायची. मध्ये कोणी ब्रेक ऑइल भरलं असेल तर पिस्टन मागे जाताना डबी उतू जाते आणि ते द्रव रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवायचं. कॅलिपर काढून नळीवर लोंबकळत ठेवणारा मेकॅनिक दिसला तर थांबवा. तारेने किंवा दोरीने स्प्रिंगला बांधला पाहिजे. नव्या डिस्कवर गंज न येण्यासाठी तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसायचा. पेट्रोलने पुसून वर मळका कपडा फिरवणं म्हणजे तेल पुसून तेलच लावणं. झिज सांगणारी पातळ पत्ती असलेला पॅड साधारणपणे आतल्या, पिस्टनच्या बाजूला येतो. तो उलट बसला की इशारा उशिरा मिळतो किंवा विनाकारण चिरचिर सुरू होते. आणि कंप्रेसरच्या हवेने ब्रेकची भुकटी उडवण्याची सवय वाईट. जुन्या किंवा अनोळखी लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ओल्या कपड्याने किंवा क्लीनरने धुवून काढायची.

नट कसताना इम्पॅक्ट गनचा आवाज ऐकायला मर्दानी वाटतो, पण असमान कसलेलं चाक डिस्कला तिरकं ओढतं आणि हबवरची सगळी मेहनत पाण्यात जाते. हाताने फुलीच्या क्रमाने आणि शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या ताणापर्यंतच कसणारा पाना. छोट्या गाड्यांचे चाकाचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन मीटरच्या टप्प्यात असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. या बाबतीत कंपनी वर्कशॉपला पूर्ण गुण. टॉर्क रेंच तिथे खरोखर वापरला जातो. मल्टिब्रँडमध्ये मागावा लागतो.

पार्ट कोणता? कंपनीच्या पेटीतला पॅड महाग पडतो, पण त्या गाडीला साजेसा आणि आवाज न करणारा असतो. तोच पॅड पुष्कळदा मूळ पुरवठादाराच्या स्वतःच्या पेटीत स्वस्त मिळतो. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश, ब्रेम्बो ही नावं इथल्या दुकानांत सहज सापडतात. त्यांतल्या कोणत्याही ओळखीच्या पेटीत भारी फरक शोधण्यापेक्षा पॅडच्या कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरं बघा. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणाचा आकडा 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. दोन्ही एफ असलेला पॅड रोजच्या गाडीला उत्तम. पहिलं एफ आणि दुसरं ई असेल तर माळशेज उतरताना पकड कमी होत गेलेली कळेल. सिरॅमिक पॅड कमी काळी भुकटी टाकतात, अलॉय व्हील स्वच्छ राहतात. शहराच्या रांगेत त्यांचा तेवढाच फायदा. मेटॅलिक पॅड थंड असताना कुरकुरतात आणि डिस्क लवकर खातात. भोकं पाडलेल्या, रेषा कोरलेल्या दिखाऊ डिस्क ठाणे-ऐरोली रोजच्या फेरीला काहीही देत नाहीत. भोकांच्या कडेला तडे मात्र जाऊ शकतात.

सेकंडहँड डिस्क आणि बिनपेटीचे पॅड कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अजून कुठेही मिळोत, ब्रेकसाठी घेऊ नयेत. काच, आरसा, दिवा यांसाठी ते बाजार ठीक. ब्रेकचे भाग नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकत्र बदलायचे, आणि नव्या डिस्कवर जुने पॅड बसवायचे नाहीत.

खर्चाचा अंदाज: हॅचबॅकच्या पुढच्या पॅडचा संच मॉडेलप्रमाणे साधारण 1,200 ते 2,800 रुपये, दोन डिस्क मिळून 3,500 ते 7,000. मजुरीत गॅरेज आणि कंपनी यांच्यात दीडपट-दुप्पट फरक पडतो. बिलावर एक गोष्ट तपासा: 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. अजून जुना दर लावलेलं बिल हाती आलं तर तिथल्या तिथे परत करा. 'बिलाशिवाय स्वस्तात करतो' ही ऑफर डिस्कच्या बाबतीत नाकारावी. वॉरंटीचा दावा पार्टच्या बिलावरच चालतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि ते याच वेळी उरकून घेणं शहाणपणाचं, चाकं उघडलेलीच असतात. हे द्रव हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर 155. डॉट 3 चे हेच आकडे 205 आणि 140. लांब उतारावर ते उकळून वाफ झाली की पेडल सरळ तळाला. टोपीवर लिहिलंय तेच घालायचं. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळत नाही. ब्लीडिंग करताना, म्हणजे नळ्यांतली हवा आणि जुनं ऑइल काढताना, डबी रिकामी होऊ देणाऱ्या मेकॅनिकमुळे एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती स्कॅनरशिवाय निघत नाही.

घरपोच सेवेबद्दल थोडक्यात. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी एका जॅकवर, जॅक स्टँड नाही, उजेड मोबाइलचा, हब घासायला वेळ नाही. पॅड बदलणं, पिना साफ करणं इतपत ठीक, तेही स्टँड आणि चाकामागे अडणीचा ठोकळा लावून करत असतील तर. वेळ वाचतो हे खरं. डिस्क, कॅलिपर किट, ब्लीडिंग यांसाठी त्यांना बोलावू नये.

मागचे कॅलिपर स्वतंत्र प्रकरण आहे. काहींचे पिस्टन दाबून नाही, फिरवत आत जातात. सी-क्लॅम्पने दाबले की आतली यंत्रणा तुटते. बटणाच्या पार्किंग ब्रेकला आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घ्यावं लागतं. मल्टिब्रँड गॅरेजकडे त्या गाडीला चालणारा स्कॅनर असेल तर हरकत नाही, पण आधी फोनवर विचारून घ्या. 'बघू, होऊन जाईल' हे उत्तर आलं तर कंपनी वर्कशॉपची वेळ घ्या.

गाडी ताब्यात घेताना इंजिन सुरू करून, गिअर न टाकता, पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिला-दुसरा पाय रिकामा जातो. मेकॅनिकने हे केलेलं असायला हवं, पण गॅरेजच्या उतारावरून बाहेर पडण्याआधी स्वतः एकदा केलेलं बरं. मग बेडिंग, म्हणजे नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवून घेणं: पहाटे पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, 50-60 वरून 10 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करायचा. पूर्ण थांबायचं नाही, दोन ब्रेकच्या मध्ये थोडं चालवायचं, आणि शेवटी ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी थंड होऊ द्यायची. हलका वास आला तर घाबरू नका. त्यानंतर दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा. सिग्नलला तापलेल्या डिस्कवर पाय दाबून धरण्याऐवजी सपाट रस्त्यावर न्यूट्रल आणि हँडब्रेक.

शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्कने तपासून घ्यायचे. चांगली गॅरेजं यासाठी स्वतः बोलावतात आणि पैसे घेत नाहीत. त्याच वेळी चारही चाकांजवळ हात नेऊन बघा: पुढच्या दोन चाकांपैकी एक ठळकपणे जास्त गरम असेल तर त्या बाजूचा कॅलिपर अडकतोय, आणि तो दुरुस्त करून देणं त्याच मजुरीत बसतं.